नाशिकच्या छोट्या व्यवसायाची वेबसाइट गूगलमध्ये वर कशी आणायची?

‘नाशिक हॉटेल’ असं शोधल्यावर आपलं नाव सगळ्यात वर दिसावं, हा नाद आधी सोडा. त्या पानावर वर जाहिराती, खाली नकाशा आणि त्याखाली खोल्यांचं बुकिंग करणाऱ्या बड्या कंपन्या बसलेल्या असतात. पंचवटीतल्या दहा-बारा खोल्यांच्या लॉजने त्या शब्दावर त्यांच्याशी झुंजण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. पण ‘रामकुंडाजवळ तळमजल्यावर खोली’, ‘दशक्रियेसाठी आलो तर अर्ध्या दिवसापुरती रूम मिळेल का’, ‘त्र्यंबकेश्वरची पूजा पहाटे असेल तर मुक्काम नाशिकला करावा की तिथेच’ या प्रश्नांना धड उत्तर देणारं पान त्या कंपन्यांकडे नसतं. ते उत्तर तुमच्या काउंटरवर रोज तोंडी दिलं जातं, फक्त वेबसाइटवर नसतं. पुढचं सगळं काम म्हणजे ते उत्तर लिहून काढणं आणि ते गूगलला नीट वाचता येईल अशी सोय करणं.

उदाहरणाला पंचवटीतलं एक काल्पनिक लॉज धरू. तुमचं येवल्याच्या पैठणीचं दुकान असो, सातपूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असो की दिंडोरीत द्राक्षांची रोपवाटिका, कामाचा क्रम हाच राहतो.

वेळेबद्दल आधीच सांगतो. अशा सुधारणांचं फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलनेच सांगितलेलं आहे. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असेल तर त्याचं पान दिवाळीपूर्वी तयार हवं. २०२७च्या सिंहस्थाचं गिऱ्हाईक हवं असणाऱ्याने पर्वणीच्या महिन्यात पान लिहायला घेतलं, तर गूगलला ते उमगेपर्यंत साधू आखाड्यांसकट परतलेले असतील.

पहिलं काम: गूगलला तुमची साइट माहीत आहे का?

गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला चिकटून अपूर्णविरामाची दोन टिंबं द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. गूगलकडे तुमची जी पानं नोंदलेली आहेत, त्यांतली बरीचशी दिसतील. काहीच दिसलं नाही तर मजकूर, फोटो, कीवर्ड (लोक शोधताना जे शब्द लिहितात ते) वगैरे चर्चा बाजूला ठेवा. आधी नोंद व्हायला हवी.

त्यासाठी गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन उघडा. तिथे ‘डोमेन’ आणि ‘यूआरएल प्रीफिक्स’ असे दोन पर्याय दिसतील. डोमेन निवडा, कारण त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) अशा सगळ्या पत्त्यांचा हिशेब एकत्र येतो. मालकी सिद्ध करण्यासाठी गूगल एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक छोटी ओळ, देतं. तो डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या डीएनएस (डोमेनच्या नोंदींच्या) सेटिंगमध्ये चिकटवायचा. हे ज्याने साइट बनवली त्याच्याकडून करून घेतलं तरी चालेल. पण खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर हवं. डोमेनचंही तेच. नाशिकमध्ये काय आणि कुठेही काय, साइट बनवणाऱ्या मुलाची नोकरी लागते, तो पुण्याला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

आता ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये मुखपृष्ठाचा पत्ता टाका. पान नोंदलेलं नसेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. वर्डप्रेसवरच्या (साइट बनवण्याच्या प्रणालीवरच्या) साइटचं एक हमखास कारण म्हणजे सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ विभागातला चौकोन. सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये, अशा अर्थाची ती खूण असते. साइट तयार होत असताना ती मुद्दाम केलेली असते आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायची राहते. खूण काढा आणि ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा.

इथे एक घोळ नेहमी होतो. सर्च इंजिनांनी साइटवरची कोणती पानं वाचू नयेत, ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलमध्ये एखादं पान बंद केलं म्हणजे ते गूगलमधून गायब होतं, अशी समजूत असते. तसं होत नाही. त्या फाइलने गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, फक्त पान वाचायला येत नाही. दुसरीकडून त्या पानाची लिंक मिळाली तर नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पान खरोखर दिसायला नको असेल तर त्यावर ‘नोइंडेक्स’ (हे पान नोंदवू नका, अशी सूचना) लावायचं आणि रोबॉट्स फाइलमध्ये ते उघडं ठेवायचं. बॉटला आतच येता आलं नाही, तर ‘नोइंडेक्स’ लिहिलेलं तो वाचणार कुठून?

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, सर्च कन्सोलमध्ये जमा करा. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे तुमच्या पंधरा पानांना एकच फाइल पुरते. एचटीटीपीएस नसेल तर होस्टिंगवाल्याकडून सुरू करून घ्या, बहुतेक ठिकाणी ते मोफत मिळतं.

मराठी साइटची वेगळी दुखणी

इंग्रजी मार्गदर्शकांत ही गोष्ट सापडत नाही आणि आपल्याकडे ती वरचेवर आढळते. लॉजचं माहितीपत्रक कधीकाळी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं असतं. तोच मजकूर वेबसाइटला दिला जातो. तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना ‘रामकुंड’ दिसतं. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ साठवलेला असतो. गूगल फॉन्ट पाहत नाही, साठवलेली अक्षरं वाचतं. त्याच्या लेखी त्या पानावर मराठी नाहीच.

तपासणी अगदी सोपी आहे. आपल्या साइटवरचं एक वाक्य मोबाइलवर कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा. मराठी तशीच उतरली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरांत, आहे. अगम्य अक्षरं आली तर तो बदलावा लागेल. फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या हवाली करून मोकळं होऊ नका. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास बिघडते. रूपांतर झालं की एका चांगलं मराठी येणाऱ्या माणसाने ओळ न ओळ वाचायला हवी. मजकूर चार-पाच पानांचाच असेल तर युनिकोड कीबोर्डवर नव्याने टाइप करणं जास्त सोयीचं.

दुसरं दुखणं पोस्टरचं. खोल्यांचे दर, चेक-इनची वेळ, पार्किंगची माहिती हे सगळं एका रंगीत चित्रात असतं, कारण ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपसाठी आधीच बनवलेलं असतं. साइटवर चित्र हवं तर ठेवा. पण त्यातला प्रत्येक शब्द खाली मजकूर म्हणून लिहा. मोबाइलवर पाहणाऱ्या आजोबांनाही चित्रातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तरी गूगलला चालतो. मात्र तो कॉपी करून पाठवताना टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि गिऱ्हाईक ते काहीतरी फसवं समजून उघडत नाही. मी रोमन लिपीतला छोटा पत्ता सुचवेन, शब्दांमध्ये जोडरेघ देऊन.

गिऱ्हाइकाचे प्रश्न गोळा करा

कीवर्ड शोधण्याची महागडी साधनं विकत घ्यायची गरज या टप्प्यावर नाही. काउंटरवर एक वही ठेवा. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, समोर उभं राहून लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपायला काउंटरवरच्या मुलाला सांगा. महिनाभरात यादी तयार होईल आणि ती अशी असेल: चारचाकी दारापर्यंत येते का? नाशिक रोड स्टेशनवरून रिक्षा मिळते का? पहाटे पोहोचलो तर खोली मिळेल का? लिफ्ट आहे का? गरम पाणी किती वाजता येतं? सप्तशृंगी गड, त्र्यंबकेश्वर आणि शिर्डी दोन दिवसांत होतं का? ओल्या कपड्यांचं काय करायचं?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. रामकुंडावर स्नान करून आलेल्या कुटुंबाला तो क्षुल्लक नसतो.

या यादीतले प्रश्न एकेक करून गूगलच्या शोधपट्टीत लिहायला सुरुवात करा. खाली ज्या सूचना उघडतात त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. निकालांच्या मध्येच ‘लोक हेही विचारतात’ असा चौकोन दिसला तर त्यातलेही प्रश्न वहीत उतरवा. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून शब्द टाकला की कोणत्या महिन्यात मागणी वाढते ते कळतं. नंतर सर्च कन्सोलमध्ये आकडे जमू लागले की ‘क्वेरीज’ची, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांची, यादी हीच तुमची सर्वांत पक्की वही.

मराठी माणूस एकाच गोष्टीसाठी तीन प्रकारे शोधतो: देवनागरीत, रोमन लिपीत मराठी लिहून आणि इंग्रजीत. वर नाशिक आणि नासिक, रूम आणि खोली, बुकिंग आणि बुकींग. म्हणून प्रत्येक रूपासाठी वेगळं पान काढत बसू नका आणि चुकीची शुद्धलेखनरूपं पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत लपवून ठेवू नका. लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत थेट स्पॅम ठरतो. अशी रूपं गूगल पुष्कळदा आपणहून जुळवतं. तुम्ही सहज बोलीत लिहिलंत तर खोली, रूम, मुक्काम हे शब्द ओघात येतातच.

एक प्रश्न, एक पान

आता लिहायला बसा. मुखपृष्ठावर सगळं कोंबायचं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं, तो एका समाईक ‘नेहमीचे प्रश्न’ पानावर जाऊ द्या. ज्याला दहा ओळी लागतात, त्याला स्वतंत्र पान द्या.

नमुन्यादाखल एक पान घेऊ: पावसाळ्यात रामकुंडावर जाता येतं का? जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बाहेरगावचे लोक टीव्हीवर पूर पाहून घाबरतात आणि फोन करतात. या पानावर तुम्ही काय सांगू शकता? नाशिककर गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, म्हणजे ते गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, आणि त्यावरून पुराचा अंदाज बांधतात. कुठल्या पातळीला तुमच्या गल्लीत पाणी येतं, त्या दिवसांत विधी कुठे होतात, गाडी कुठे लावायची, बुकिंग पुढे ढकलता येतं का, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. सोबत तुमच्या गच्चीवरून काढलेला फोटो टाका. असं पान मुंबईतल्या किंवा गुडगावच्या ऑफिसात बसून कोणाला लिहिता येणार नाही. गूगलला ‘अनुभवातून आलेला मजकूर’ हवा असतो असं जे सांगतात, त्याचा अर्थ एवढाच.

शीर्षकाचा टॅग, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणारी ठळक ओळ, हा पानाचा सगळ्यात मोलाचा भाग. ‘होम’ किंवा ‘स्वागत आहे’ असं शीर्षक वाया गेलं समजा. ‘रामकुंडाजवळ तळमजल्यावरच्या खोल्या, चारचाकी पार्किंगसह’ आणि पुढे लॉजचं नाव, असं हवं. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी घ्या. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं ठेवा. गूगलला पटलं नाही तर ते शीर्षक स्वतः बदलूनही दाखवतं. तसं झालं तर बहुधा तुमचं शीर्षक आणि पानावरचा मजकूर जुळत नसतो. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाने, क्रमांक वाढत नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो, म्हणून दोन वाक्यं मनापासून लिहा. मेटा कीवर्ड्सवर (पानाच्या कोडमध्ये लिहायच्या शब्दांच्या यादीवर) एक मिनिटही घालवू नका. गूगल तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. तरी अजून त्याचे पैसे घेणारे लोक आहेत.

उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. ‘पवित्र गोदावरीच्या तीरावर वसलेल्या प्राचीन नगरीत’ अशी सुरुवात केली तर वाचणारा मागे फिरतो; त्याला रिक्षाचं भाडं हवं असतं. ‘नाशिक रोड स्टेशन इथून नऊ-दहा किलोमीटर आहे’ हे वाक्य आधी येऊ द्या. आणि ‘नाशिक लॉज स्वस्त नाशिक लॉज पंचवटी’ असली शब्दांची माळ मराठी वाक्यात बसतच नाही. नाशिकमध्ये, नाशिकला, नाशिकच्या ही विभक्तीची रूपं तशीच लिहा, त्याने काही बिघडत नाही.

यात्रेकरू गुजराती आणि हिंदी बोलणारेही असतात. त्यांच्यासाठी पान करायचं तर त्याचा पत्ता स्वतंत्र हवा आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा ‘एचरेफलँग’ टॅग (कोणतं पान कोणत्या भाषेसाठी ते गूगलला सांगणारी खूण) हवा. एकाच पानावर तीन भाषांची खिचडी केली की कुठल्याच भाषेतलं गिऱ्हाईक मिळत नाही. यांत्रिक भाषांतर तसंच चिकटवू नका. एखाद्या गुजराती गिऱ्हाइकालाच वाचून दाखवा, तो आनंदाने दुरुस्त करून देईल.

गावोगावची पानं काढायचा मोह होईल: निफाडमध्ये फॅब्रिकेशन, सिन्नरमध्ये फॅब्रिकेशन, ओझरमध्ये फॅब्रिकेशन, आत मजकूर एकच. ही ‘डोअरवे’ पानं गूगलच्या नियमांत स्पॅम आहेत. एआयकडून शेकडो लेख छापून घेण्याचंही तसंच. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्याविरुद्ध नियम कडक केला. एआयची मदत घ्यायला बंदी नाही. पण दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या पातळीला तुमच्या गल्लीत पाणी येतं, हे त्याला तुम्हीच सांगावं लागणार.

नकाशातली जागा

लॉज, दुकान, दवाखाना यांच्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल हे वेबसाइटपेक्षा लवकर गिऱ्हाईक आणतं. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत. स्थानिक निकालांत गूगल तीन गोष्टी पाहतं: शोधाशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमची ख्याती किती. अंतर तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन आहेत.

प्रोफाइलवरचं नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे ‘बेस्ट लॉज इन नाशिक’ जोडणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यावरून प्रोफाइल बंद पडतं. मुख्य वर्ग नेमका निवडा. पिन मात्र स्वतः उभं राहून तपासा. पंचवटीच्या बोळांत पिन शंभर मीटर सरकली तर गाडी पलीकडच्या घाटावर निघते आणि मग फोन येतो. गाडी जिथपर्यंत येते ती जागा आणि दार यांतलं अंतर वर्णनात लिहून ठेवा. नाव, पत्ता, फोन हे वेबसाइट, प्रोफाइल, फेसबुक सगळीकडे एकसारखं हवं.

परीक्षण लिहिण्याच्या बदल्यात सूट देणं गूगलला मान्य नाही. चेक-आउटच्या वेळी विनंती करणं मान्य आहे. काउंटरवर क्यूआर कोड ठेवा. वाईट परीक्षणाला त्याच दिवशी, शांतपणे, दोन ओळींत उत्तर द्या. ते उत्तर रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी नसून पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं.

वेग, स्कीमा, लिंक

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनात पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल पाहा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा आणि पान उघडताना मजकुराने उड्या मारू नयेत (त्या सरकण्याचा आकडा ०.१ किंवा कमी). साइट हळू असण्याचं कारण दहापैकी आठ वेळा एकच वाटतं: कॅमेऱ्यातून तसेच चढवलेले अवाढव्य फोटो आणि सरकता बॅनर. फोटो लहान करा, वेबपी या हलक्या प्रकारात ठेवा, बॅनर काढून टाका. १०० पैकी १०० गुण मिळवायच्या मागे लागू नका.

स्कीमा, म्हणजे गूगलला समजेल अशा साच्यातली माहिती, प्लगइनने लावून ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’मध्ये तपासा. मात्र आपल्याच साइटवर आपणच घातलेले रेटिंगचे तारे निकालात दिसत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

लिंकच्या बाबतीत गावातल्या ओळखी कामी येतात. तुमच्याकडे माणसं पाठवणारे गुरुजी, टॅक्सीवाले, सहल कंपन्या यांच्या साइटवर तुमचा उल्लेख असावा. वर्कशॉप असेल तर निमा किंवा आयमा या उद्योजक संघटनांच्या सभासद यादीत वेबसाइटचा पत्ता देता येतो का विचारा. ज्या कंपन्यांना माल पुरवता त्यांनाही विचारा. हजार-दोन हजारांत शेकडो बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका) देतो असा ईमेल आला तर खोडून टाका, विकत घेतलेल्या लिंका नियमाविरुद्ध आहेत. ‘पहिल्या पानाची हमी’ देणाऱ्या एजन्सीला हमी कशाच्या जोरावर देता, ते लेखी मागा. गूगलमधल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

महिन्यातून एकदा अर्धा तास

सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये १६ महिन्यांचे आकडे राहतात. हंगामी धंद्याला याचा मोठा उपयोग: या श्रावणाची तुलना गेल्या महिन्याशी न करता गेल्या श्रावणाशी करा. अधिक मास आला तर तारखा सरकतात, तेवढं भान ठेवा. मग क्वेरीजमध्ये सरासरी स्थान ८ ते २० असलेले शब्द वेगळे काढा. गूगलने तुम्हाला तिथे दारापर्यंत आणलेलं आहे. त्या प्रश्नाचं उत्तर पानावर खरंच आहे का ते पाहा, नसेल तर भर घाला, शीर्षक सुधारा आणि तुमच्याच दुसऱ्या पानांवरून तिकडे लिंक द्या. नवीन पान लिहिण्याआधी हे करा. निकालात दिसणं भरपूर पण क्लिक कमी असेल, तर शीर्षक आणि वर्णन बदलून दोन-तीन महिने थांबा.

एखाद्या सकाळी आकडे एकदम घसरले तर क्रमाने तपासा. आधी सर्च कन्सोलमधले ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ (गूगलने केलेली कारवाई) आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ पाहा. फुकटात मिळवलेल्या चोरीच्या थीममधून साइट हॅक होते आणि तुमच्या नावाखाली परदेशी भाषेतली पानं उगवतात. ते ठीक असेल तर साइट अपडेट करताना ‘नोइंडेक्स’ची खूण परत लागली का ते बघा. मग गूगलचा कोअर अपडेट (क्रमवारीच्या पद्धतीतला मोठा बदल) चालू आहे का ते त्यांच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर दिसतं; चालू असेल तर तो संपेपर्यंत कशालाही हात लावू नका. आणि साइट उघडतच नसेल, तर डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर जाते ते शोधा.